बेस गिटार येते, आता डबल बेस शिकायचा आहे

बेस गिटार चांगली वाजवणारे काही वाचक डबल बेसकडे वळले आहेत किंवा वळायच्या विचारात आहेत. त्यांच्या पत्रांतले सर्वांच्या उपयोगाचे प्रश्न आणि जाणकारांनी दिलेली उत्तरे इथे देत आहोत.

बारा वर्षं बेस गिटार वाजवतो. एका पडद्याला एक बोट अशी सवय आहे. डबल बेसवर तसंच वाजवायला गेलो की डावा पंजा भरून येतो आणि सूरही लागत नाही. तारा त्याच, ई-ए-डी-जी. मग अडतं कुठे?
एक वाचक, पुणे

अडतं ते अंतरात. नेहमीच्या बेस गिटारची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंत ३४ इंच, म्हणजे साधारण ८६ सेंटिमीटर असते. थ्री-क्वार्टर मापाच्या डबल बेसवर हीच लांबी १०५ सेंटिमीटरच्या आसपास जाते. बेस गिटारच्या पहिल्या चार पडद्यांवर चार बोटं ठेवली की तर्जनी आणि करंगळीत १३ सेंटिमीटर अंतर पडतं. डबल बेसवर त्याच चार सुरांना जवळजवळ १६ सेंटिमीटर लागतात. मोठा पंजा एखाद्या वेळी तिथे पोचेलही, पण तासभर तसं वाजवत राहिलं तर मनगट आणि अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं. शिवाय ताणलेली करंगळी जागेच्या अलीकडेच पडते आणि तिचा सूर उतरलेला लागतो. तुम्हाला जाणवतात त्या दोन्ही तक्रारींचं मूळ हेच आहे.

म्हणून मानेच्या खालच्या सुरांच्या भागात १-२-४ अशी बोटं वापरतात: तर्जनी, मध्यमा, करंगळी. अनामिका वेगळा सूर वाजवत नाही. ती करंगळीबरोबर तारेवर बसते आणि तिला बळ देते. तर्जनी ते मध्यमा एक सेमिटोन (बेस गिटारवरच्या एका पडद्याएवढं अंतर), मध्यमा ते करंगळी एक सेमिटोन. हात एका जागी असताना एका तारेवर एवढेच तीन सूर मिळतात, आणि नटजवळ त्यांचा पसारा ११ सेंटिमीटरच्या आत राहतो. व्हिएन्नात शिकवणारे फ्रांत्स सिमांडल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि आजही बहुतेक शिक्षक सुरुवात हिच्यावरच करतात. मान संपून हात खोडाच्या खांद्यावर चढला की करंगळी सोडून १-२-३ वापरायचं, आणि त्याही पुढे अंगठाच तारेवर येतो. पहिल्या वर्षात त्या भागाची घाई करू नका.

पहिला धडा एफ मेजरचा घ्या. तर्जनी नटपासून एका सेमिटोनवर ठेवा. या जागेला हाफ पोझिशन म्हणतात. ई तारेवर एफ तर्जनीने, जी करंगळीने. मग ए मोकळी तार. ए तारेवर बी फ्लॅट तर्जनीने, सी करंगळीने. मग डी मोकळी. डी तारेवर ई मध्यमेने, वरचा एफ करंगळीने. पूर्ण सप्तक झालं आणि पंजा तसूभरही हलला नाही. बेस गिटारवर मोकळ्या तारा टाळायची सवय अनेकांना असते, कारण तिथे त्या दाबलेल्या सुरांपेक्षा वेगळ्या वाजतात. इथे ती सवय मोडायची. मोकळी तार वाजत असताना हाताला विसावा मिळतो, सरकायला वेळ मिळतो आणि कानाला खात्रीचा सूर मिळतो.

यानंतर शिकायचं ते सरकणं. सूर संपला की बोटाचा दाब सोडा, पण बोट तारेवरून उचलू नका. अंगठा, पंजा आणि कोपर एकदमच निघाले पाहिजेत. बेस गिटारवाल्यांचा अंगठा मागे एका जागी रुतून बसतो आणि बोटंच पुढे ताणली जातात. सूर चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. जी तारेवर असा सराव करा: मोकळा जी, मग १-४ ने ए-बी, सरकून १-४ ने सी-डी, पुन्हा सरकून १-४ ने ई-एफ शार्प, आणि शेवटी तारेच्या बरोबर मध्यावर तिसऱ्या बोटाने हलका स्पर्श करून वरचा जी. मेट्रोनोम ६० वर ठेवा, प्रत्येक सूर चार मात्रा धरा, आणि सरकायला चौथी मात्रा पूर्ण वापरा.

आपण बरोबर जागी पोचलो की नाही हे वाद्यच सांगतं. जी तारेवरचा ए म्हणजे मोकळ्या ए तारेचं वरचं सप्तक. डी तारेवरचा ई म्हणजे मोकळ्या ई तारेचं वरचं सप्तक. ए तारेवरचा डी आणि मोकळी डी एकच. जी तारेवरचा डी हा मोकळ्या डीचं वरचं सप्तक आहे, आणि तो जिथे मिळतो तिथे अंगठा मानेच्या टाचेच्या खोबणीत बसतो. काही वाद्यांवर त्याच खोबणीत तर्जनीखाली डीऐवजी ई फ्लॅट येतो, म्हणून आपल्या वाद्यावर ट्यूनर लावून एकदा पाहून ठेवा. अंगठ्याला ती जागा कळली की अर्धी मान अंधारातही सापडते.

फिंगरबोर्डवर पडद्यांच्या जागी पट्ट्या चिकटवू का?
एक वाचक, कोल्हापूर

मानेच्या कडेला, तुम्हाला वरून दिसतील असे पेन्सिलीचे दोन-तीन ठिपके चालतील: पहिल्या पोझिशनच्या (नटपासून दोन सेमिटोनवरच्या) तर्जनीला एक, जी तारेवरच्या डीच्या जागी एक. बारा पट्ट्या नकोत. त्या बघायला मान वळवावी लागते, वाद्य अंगापासून फिरतं आणि जागा पुन्हा बदलते. वर दिलेली मोकळ्या तारांची पडताळणी जास्त उपयोगी आहे.

मला फक्त जॅझ वाजवायचं आहे, तेही बोटांनी. तरी शिक्षक गज घ्यायला सांगतात. खरंच गरज आहे का?
एक वाचक, ठाणे

आहे, आणि पहिल्या महिन्यापासून आहे. बोटाने छेडलेला सूर लगेच ओसरतो. तो थोडा वर किंवा खाली लागला तरी कानाला न्याय करायला वेळच मिळत नाही. गजाने तोच सूर चार मात्रा धरा, की चूक उघडी पडते. बेस गिटारवर पडद्यांनी ही जबाबदारी उचलली होती. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये काढलेल्या बेसचं नावच प्रिसिजन होतं, कारण पडद्यांमुळे सूर नेमका लागत होता. त्यामुळे तालाला पक्का, स्वरसंगतीत मुरलेला वादकसुद्धा इथे सुराच्या बाबतीत कच्चा असू शकतो, आणि ती उणीव गजाशिवाय लवकर भरून निघत नाही.

गज दोन प्रकारचे मिळतात. फ्रेंच गज चेलोसारखा वरून धरतात. जर्मन गजाची टाच उंच असते आणि तो खालून, तळहातात घेऊन धरतात. दोन्हींनी सगळं वाजवता येतं. तुमचे शिक्षक जो वापरतात तो घ्या, कारण पकड बघून आणि हाताने दुरुस्त करूनच शिकली जाते.

केस एवढेच ताणा की काडी आणि केसांच्या मध्यभागी बोटभर जागा राहील. वाजवून झालं की सैल करा. रोझिन, म्हणजे गजाच्या केसांना लावायची राळ, डबल बेससाठी बनवलेलंच हवं. व्हायोलिनचं कडक रोझिन जाड तारेला पकडत नाही. बेसचं रोझिन मऊ आणि चिकट असतं, म्हणून ते पुढे-मागे घासू नका. टाचेपासून टोकाकडे एकाच दिशेने चार-पाच वेळा ओढा. मुंबईच्या उकाड्यात हे रोझिन वाहतं. वडी तिच्या डबीत उभी राहील अशी गार जागी ठेवा आणि उन्हाळ्यात थोडा कडक प्रकार वापरा. गाडीच्या डॅशबोर्डवर ते कधीही राहू देऊ नका.

गज फिंगरबोर्डचं टोक आणि घोडी यांच्या साधारण मध्यावर, तारेला काटकोनात चालला पाहिजे. ई तार जाड, तिला हाताचं वजन जास्त आणि वेग कमी लागतो. जी तारेवर याच्या उलट. शिट्टीसारखा आवाज येत असेल तर वेग जास्त आणि वजन कमी पडतंय. आवाज घरघरतो, चिरडल्यासारखा येतो तेव्हा वजन जास्त आणि वेग कमी झालाय. आवाज फुसका आणि पोकळ येऊ लागला की खाली बघा, गज घसरत फिंगरबोर्डवर गेलेला असेल. वजन खांद्यातून यायला हवं. मनगटाने दाबलं की काडी थरथरते.

सरावाला तानपुऱ्याचं ॲप लावा. खर्जातला सूर कानाला नीट कळत नाही, पण तानपुऱ्याचे वरचे स्वरांश सोबत असले की जुळणं आणि भांडणं लगेच ऐकू येतं. सा डीवर ठेवा, डी तार गजाने धरा, मग डी मेजर हळूहळू वर न्या. एफ शार्पवर, म्हणजे गंधारावर, एक गोष्ट दिसेल: तानपुऱ्याशी तो पूर्ण मिळतो तेव्हा ट्यूनरचा काटा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे सेमिटोनचा शंभरावा भाग) खाली दाखवतो. तुमचा कान बरोबर आहे. ट्यूनर समविभागी पियानोचा हिशेब दाखवतोय. पियानो किंवा गिटारबरोबर वाजवताना तोच सूर थोडा वर घ्यावा लागतो. कोणासोबत वाजवतोय ते ऐकून गंधार लावता येणं ही या वाद्याने दिलेली मोठी मुभा आहे, आणि बेस गिटारवरून येणाऱ्याला तिची गोडी लागली पाहिजे.

रोज तासभर मिळत असेल तर पहिली वीस मिनिटं गजाची ठेवा, उरलेला वेळ बोटांचा.

उभं राहून वाजवताना डावा खांदा आणि अंगठा दुखतो. बसून वाजवू का?
एक वाचक, नाशिक

आधी उंची तपासा. वाद्य समोर सरळ उभं करा. एंडपिन (वाद्याच्या तळाची, कमी-जास्त करता येणारी दांडी) एवढी बाहेर काढा की नट भुवईच्या जवळपास येईल आणि हाफ पोझिशनमध्ये तर्जनी डोळ्यांच्या पातळीला राहील. आता उजवा हात सैल सोडून गजाच्या जागेपर्यंत पोचतो का बघा. त्यासाठी कमरेत वाकावं लागत असेल तर एंडपिन वाढवा. डावं कोपर खांद्याच्या वर उचललं जात असेल तर कमी करा. दोन्हींत ओढाताण झाली तर गजाच्या बाजूने निर्णय घ्या.

वाद्य किंचित आपल्याकडे वळवा, म्हणजे त्याच्या पाठीची उजवी कड पोटाच्या डाव्या बाजूला टेकते. डावा गुडघा मागून हलका आधार देतो. मग डावा हात पूर्ण काढून घ्या. वाद्य पडायला लागलं तर याचा अर्थ तुमचा डावा अंगठा आतापर्यंत ते पेलत होता, आणि दुखणं तिथूनच येतंय. तोल जमेपर्यंत पुढे जाऊ नका. जमला की अंगठा मानेपासून सोडून एक साधा स्केल वाजवा. तार अंगठा-बोटांच्या चिमटीने दाबायची नसते. कोपर थोडं उचलून हाताचं वजन मागे टाकलं की तार खाली जाते. अंगठा मध्यमेच्या समोर, वळलेला पण सैल.

एवढं करूनही दुखत असेल तर तारा उंच आहेत. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलं आहे. बसून वाजवायचं तर ७० ते ७५ सेंटिमीटर उंचीचं स्टूल घ्या, डावा पाय पायरीवर, उजवा जमिनीवर. ऑर्केस्ट्रात अनेकजण असंच बसतात. पण वाईट तोल बसल्याने सुधारत नाही.

पहिलं वाद्य कोणतं घ्यावं? कोकणातल्या दमट हवेत टिकेल का?
एक वाचक, रत्नागिरी

थ्री-क्वार्टर माप घ्या. नावामुळे ते मुलांचं वाटतं, पण प्रौढ वादकांचं नेहमीचं माप हेच. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर पहिलं वाद्य प्लायवूडचंच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. कोरीव स्प्रूस लाकडाच्या पाटाचा, म्हणजे पुढच्या फळीचा, नाद खोल असतो, पण पावसाळ्यात तो फुगतो, हिवाळ्यात आकसतो आणि दुर्लक्ष झालं की तडकतो. प्लायवूड हे सगळं सोसतं, आणि त्याचा आवाज ॲम्प्लिफायरवर कमी घुमतो.

दुकानात जाताना मिलिमीटरची पट्टी घेऊन जा. फिंगरबोर्डच्या घोडीकडच्या टोकाला तारेची उंची मोजा. स्टीलच्या तारांसाठी जी खाली ६ आणि ई खाली ९ मिलिमीटर हे सुरुवातीला सोयीचं. जी खालीच १० मिलिमीटर भरत असेल तर बोटं सोलवटून निघतील. नटजवळ तार आणि फिंगरबोर्ड यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे. नव्या स्वस्त वाद्यांचे नट बहुधा उंच ठेवलेले असतात, आणि तुमचा पहिला धडा तर हाफ पोझिशनचाच असणार. नट कमी करून घेणं हे थोडक्या पैशांत होणारं आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम आहे.

घोडीला उंची कमी-जास्त करायचे स्क्रू असलेले बरे. पावसाळ्यात पाट फुगून तारा वर येतात, कोरड्या दिवसांत खाली बसून किणकिणतात. दोन चक्रं फिरवली की काम होतं. घोडीची तारपट्टीकडची (तारांची खालची टोकं अडकवतात तिकडची) बाजू पाटाशी काटकोनात हवी. तारा सुरात लावताना तिचं डोकं हळूहळू मानेकडे ओढलं जातं. वेळीच सरळ केली नाही तर ती कायमची वाकते. तारा थोड्या सैल करा, दोन्ही हातांनी डोकं धरून मागे आणा, पुन्हा लावा.

घोडीच्या जी तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, आत एक लाकडी दांडा उभा असतो. तो साउंडपोस्ट. त्याला सरस नसतो, पाट आणि पाठ यांच्या दाबावरच तो उभा राहतो. सगळ्या तारा एकदम काढल्या की तो पडू शकतो आणि तो बसवणं कारागिराचं काम आहे. तार बदलायची तेव्हा एक काढा, एक लावा. अशा वेळी काठ कुठे सुटलाय का तेही बोटाच्या पेराने ठोकत बघून घ्या. सुटलेल्या जागी पोकळ, खडखडीत आवाज येतो. तिथे फेव्हिकॉल भरू नका. हे सांधे मुद्दाम सरसाने जोडलेले असतात, म्हणजे ताण आला की लाकूड फाटण्याआधी सांधा सुटतो आणि पुन्हा जोडता येतो. फेव्हिकॉलने तो मार्ग बंद होतो.

जमिनीवर ठेवायचा तर कुशीवर. पाठीवर किंवा पालथा कधीही नाही.

उजव्या हाताच्या बोटांना फोड आले. बेस गिटारचे घट्टे असूनही असं का?
एक वाचक, मडगाव

घट्टे बोटाच्या टोकावर आहेत आणि इथे वापर होतो तो कडेचा. अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवा, त्याच्या खालच्या टोकाजवळ. तर्जनी तारेला जवळजवळ समांतर ठेवा आणि टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची कड तारेत बसवून हाताच्या वजनाने आडवी ओढा. बोट पुढच्या तारेवर येऊन थांबलं पाहिजे. बेस गिटारसारखी टोकाने चुटकन छेडली तर आवाज पातळ येतो, मग आवाजासाठी तुम्ही जोर लावता आणि फोड येतात. मध्यमेशी आलटून-पालटून वाजवणं फक्त जलद लयीला ठेवा. सुरुवातीला पंधरा मिनिटं वाजवून थांबा. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत गजावर सराव करा.

पाच तारांच्या बेसची सवय आहे. इथे खालचा बी मिळतो का? आणि नोटेशन नव्याने शिकावं लागेल का?
एक वाचक, बंगळुरू

पाच तारांचे डबल बेस असतात, युरोपातल्या ऑर्केस्ट्रांत जास्त. दुसरी सोय म्हणजे ई तार डोक्यावरून वर वाढवून सीपर्यंत नेणारी जोडपट्टी. पण शिकायला चार तारांचाच घ्या. पाचवीने मान रुंद होते. नोटेशन तेच, बेस क्लेफ, आणि दोन्ही वाद्यं लिहिल्यापेक्षा एक सप्तक खालीच वाजतात. फक्त टॅबवर (कोणत्या तारेचा कितवा पडदा हे आकड्यांनी दाखवणारी लिपी) वाढला असाल तर मात्र वाचायला शिका. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून असलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासारख्या ठिकाणी टॅबचा उपयोग नाही.

पिकअप लावून बेस गिटारच्या ॲम्पला जोडला. आवाज नाकात आणि किरटा येतो, आवाज वाढवला की घुमायला लागतो.
एक वाचक, पणजी

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. घोडीवर बसणारा पिकअप पिएझो असतो आणि त्याला निदान १ मेगाओहमचा, शक्यतो त्याहून बराच मोठा इनपुट लागतो. इनपुट लहान असेल तर खालचे सूर गळतात आणि नाकातला आवाज उरतो. मध्ये पिएझोसाठी बनवलेला प्रीॲम्प घाला.

घुमण्यावर उपाय या क्रमाने करून पहा. ॲम्प पाठीमागून हलवून बाजूला न्या आणि जमिनीपासून उचला. हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचा आवाज कापणारा) असेल तर ४० हर्ट्झच्या आसपास लावा. सर्वांत खालची ई ४१ हर्ट्झची असल्याने तिच्या खालचं काहीच उपयोगाचं नाही. मग फेजचं बटण उलटवून पहा. तरी एखादाच सूर घुमत असेल तर ईक्यूवर नेमकी तीच पट्टी थोडी कमी करा. शेवटी ध्वनिछिद्रांत मऊ फोम बसवा. बेस गिटारवर बास वाढवायची जी सवय असते ती इथे सोडा आणि सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा.